कमरेतली सुई आणि पायाची नस

दवाखान्यात विचारतात, "सुई दंडात घेता की कमरेत?" आपण म्हणतो, "कमरेत द्या." खरे पाहिले तर कमरेत सुई कोणीच देत नाही. कंबर म्हणजे बरगड्या आणि खुब्याचे हाड यांच्या मधली जागा. सुई टोचली जाते ती त्याच्या खाली, कुल्ल्यावर. पण कुल्ला, ढुंगण हे शब्द चारचौघांत उच्चारायला आपल्याला लाज वाटते, म्हणून आपण कंबर म्हणून वेळ निभावून नेतो. शब्द निभावून नेला तर चालते. सुई मात्र चार बोटे इकडची तिकडे गेली तर माणसाचा पाय जातो. म्हणून या वेळी सदरात आम्ही लाज बाजूला ठेवून या अवयवाविषयीच लिहिणार आहोत. घरातील लहानथोरांनी सोबत बसून वाचावे. यात वाईट काहीच नाही.

आम्ही डॉक्टर नाही. आम्ही कचेरीत फायली सांभाळणारे वाणिज्य शाखेचे पदवीधर. पण समाजाच्या कामात अपंगत्वाच्या दाखल्याचे अर्ज भरून देताना एक गोष्ट वारंवार कानावर येते. मुलाचा एक पाय बारीक, पाऊल खाली लोंबलेले, चालताना बोटे जमिनीला घासतात. काय झाले विचारले की आई सांगते, "पोलिओ झाला." पुढे विचारावे तर कळते की आधी ताप होता, मग सुई दिली, आणि घरी नेईपर्यंत पाय उचलेना. प्रत्येक वेळी दोष सुईचाच असतो असे नाही. पण काही वेळा तो सुईचाच असतो, आणि ते टाळता येण्याजोगे असते. म्हणून हा लेख.

आता शरीराची माहिती घेऊ. बाई पाण्याची घागर ज्या हाडाला टेकवते, लेकरू कडेवर घेते तेव्हा ते ज्या हाडावर बसते, ती खुब्याच्या हाडाची वरची कडा. हाताचा पंजा कमरेवर ठेवला की ती बोटांना लागते. हे खुब्याचे हाड लहानपणी तीन तुकड्यांचे असते, वयात येताना ते तुकडे जुळून एक होते. त्याच्या बाहेरच्या बाजूला वाटीसारखा खळगा आहे. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा त्या वाटीत बसतो आणि फिरतो. तोच खुब्याचा सांधा. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, खुब्याच्या जरा खाली, हाताला एक टणक उंचवटा लागतो. कुशीवर झोपल्यावर जो जमिनीला टोचतो तोच. त्याला आपण खुब्याची गाठ म्हणू. आणि मांडी घालून फरशीवर बसलो की कुल्ल्याखाली जे हाड रुतते, ते बसायचे हाड. कडा, गाठ आणि बसायचे हाड, या तीन खुणा लक्षात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

या हाडांवर मांसाचे थर आहेत. सर्वांत वरचा स्नायू शरीरातील सर्वांत मोठा. निंदताना उकिडवे बसलेली बाई डोक्यावर भारा घेऊन उठते ती याच्या जोरावर. घाटाखालचा माणूस राजूर घाटाने पायी बुलढाण्याला चढतो तोही याच्याच बळावर. त्याच्या आत, जरा वरच्या अंगाला, आणखी दोन स्नायू आहेत. आपण एक पाऊल उचलतो तेव्हा सारा भार दुसऱ्या पायावर येतो. त्या क्षणी शरीर एका बाजूला कलू न देण्याचे काम हे दोघे करतात. ते दुबळे झाले तर माणूस बदकासारखा डुलत चालतो. मांडीच्या मागच्या बाजूला तीन लांब स्नायू आहेत. ते बसायच्या हाडापासून निघतात आणि गुडघ्याखाली जाऊन चिकटतात. गुडघा मागे दुमडायचे काम त्यांचे. गुडघ्यामागे दोन्ही बाजूंना ज्या दोऱ्या हाताला लागतात, ती त्यांचीच टोके.

या मांसाखालून एक नस जाते. आपल्या बोलीत "शीर" हा एकच शब्द रक्तवाहिनीला चालतो, स्नायूच्या दोरीला चालतो आणि मेंदूचा निरोप नेणाऱ्या तंतूलाही चालतो. इथे आम्ही नस म्हणतो ती निरोप नेणारी, म्हणजे मज्जातंतू. विजेच्या तारेसारखी. डॉक्टर तिला सायटिक नस म्हणतात. शरीरातील ही सर्वांत जाड नस. सुरुवातीला तिची रुंदी सुमारे २ सेंटिमीटर, म्हणजे अंगठ्याएवढी. पाठीच्या कण्याच्या खालच्या भागातून निघालेले पाच धागे एकत्र येऊन ती बनते. खुब्याच्या हाडातील एका खाचेतून ती कुल्ल्यात उतरते, बसायचे हाड आणि खुब्याची गाठ यांच्या मधोमध खाली जाते, मांडीच्या मागून त्या तीन स्नायूंच्या आडोशाने चालत राहते आणि गुडघ्याच्या वर तिचे दोन फाटे होतात. एक फाटा पोटरीकडे जातो. दुसरा नडगीच्या बाहेरच्या बाजूला वळतो आणि पाऊल वर उचलायचे काम करतो. म्हणजे पाऊल उचलायचा निरोप कुल्ल्यातूनच जातो. कुल्ल्यात तार तुटली की दिवा पावलात विझतो.

सुईने या नसेला इजा झाली तर बहुतेक वेळा हा पाऊल उचलणारा फाटाच जास्त दुखावतो. पाऊल लोंबते, चप्पल पायात राहत नाही, माणूस गुडघा उंच उचलून पाऊल आपटत चालतो. सुईचे टोक नसेत घुसले तर इजा होतेच, पण टोक जवळून गेले आणि औषध नसेच्या आसपास पसरले तरी नस भाजल्यासारखी होते. क्विनाइन आणि डायक्लोफेनॅक या इंजेक्शनांनी असे झाल्याच्या नोंदी वैद्यकीय लिखाणात आहेत. यातले डायक्लोफेनॅक आपल्या भागात सर्रास दिले जाते. अंग दुखते म्हणून मजूर माणूस सहज म्हणून जातो, "डाक्टरसाहेब, एक सुई टोचून द्या, उद्या निंदाले जा लागते."

मग सुई द्यायची कुठे? जुना आणि सर्वत्र शिकवला जाणारा नियम असा. कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करा. वरून खाली एक रेघ, आडवी एक रेघ. वरचा आणि बाहेरचा जो चौथा हिस्सा, तिथेच सुई द्यायची. उरलेल्या तीन हिश्शांत नस किंवा मोठ्या रक्तवाहिन्या येतात. पण यात एक मेख आहे. कुल्ला कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे दिसले तरच त्याचे चार भाग करता येतील. आपल्या बायाबापड्या लाजेने उभ्या उभ्याच साडी दोन बोटे खाली सरकवतात. पुरुष पायजम्याची नाडीही सोडत नाहीत. सुई देणाऱ्याला चार बोटांची पट्टी दिसते आणि तो अंदाजाने टोचतो. चूक अशा अंदाजातून होते.

स्वित्झर्लंडचे शरीरशास्त्रज्ञ फॉन हॉखश्टेटर यांनी १९५० च्या दशकात याहून सुरक्षित जागा दाखवली. ती मागे नाही, बाजूला आहे. आता ज्या तीन खुणा सांगितल्या त्यातील दोन इथे लागतात. दुसऱ्या माणसाच्या डाव्या खुब्यावर आपला उजवा तळहात असा ठेवा की तळव्याचा खालचा भाग खुब्याच्या गाठीवर येईल. तर्जनी पुढे, कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकावर ठेवा. मधले बोट मागे ताणून हाडाच्या वरच्या कडेला लावा. दोन बोटांच्या मधला जो त्रिकोण, त्यात मोठी नस नाही, मोठी रक्तवाहिनी नाही, आणि चरबीही कमी. शिवाय कुशीवर झोपून ही सुई घेता येते, फार उघडे व्हावे लागत नाही. लाजेच्या प्रश्नावर इतका सोपा उपाय असूनही ही जागा फार कमी ठिकाणी वापरली जाते. आपण मागितली तर कोणी नाही म्हणायचे कारण नाही. ही माहिती घरी सुई टोचून पाहण्यासाठी दिलेली नाही. योग्य जागी दिली जाते की नाही हे आपल्याला कळावे, एवढ्यासाठी दिली आहे.

लहान मुलांची गोष्ट वेगळी. तान्ह्या मुलाच्या कुल्ल्यावर मांस थोडे असते आणि नस अगदी जवळ. म्हणून बाळाला कुल्ल्यावर सुई द्यायची नाही. सरकारी लसीकरणात पेंटाव्हॅलंट लस मांडीच्या पुढच्या बाहेरच्या अंगाला, मधोमध देतात. जन्मल्यावर व्हिटॅमिन के दिले जाते तेही मांडीतच. तिथे मांस असते आणि मोठी नस नसते. एएनएम ताई बाळाची मांडी धरते तेव्हा ती आपल्या मनाने धरत नाही, त्यामागे हे शास्त्र आहे. मग तीच काळजी खाजगी दवाखान्यात तापाची सुई देताना का नको? आईने विचारावे, "मांडीत नाही का देता येत?" त्याहून आधी विचारावे, "सुई हवीच का? तोंडाने औषध नाही का देता येत?"

कुत्रा चावल्यावरच्या लसीचेही तसेच आहे. म्हातारी माणसे पोटातल्या चौदा सुयांची आठवण सांगतात. ती जुनी लस भारतात २००४ च्या अखेरीस बनवणे बंद झाले. आताची लस दंडात देतात, लहान मुलांना मांडीत. ही लस कुल्ल्यावर कधीही घ्यायची नाही. तिथल्या चरबीत ती अडकते आणि हवे तसे संरक्षण मिळत नाही. हिपॅटायटिस बी च्या लसीलाही हाच नियम लागू आहे.

पोलिओचा उल्लेख वर आला. भारतातील शेवटचा रोगी १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात सापडला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला भाग पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या रोगाचा आणि सुईचा एक जुना संबंध आहे. पोलिओचा विषाणू अंगात असताना मुलाला स्नायूत सुई दिली तर त्या पायाला लकवा होण्याचा धोका वाढतो, हे १९५० च्या सुमारास इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियातील डॉक्टरांनी दाखवून दिले. म्हणजे त्या काळी तापलेल्या मुलाला विनाकारण टोचलेली सुई दोन वाटांनी पाय घेऊ शकत होती. एक नसेला लागून, दुसरी पोलिओला वाट करून देऊन. आज पोलिओ नाही, पण १५ वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला तर आरोग्य खाते त्याची नोंद घेते आणि मुलाची शौच तपासणीला पाठवते. म्हणून असे झाले तर कारण काहीही वाटो, प्राथमिक आरोग्य केंद्रात त्याच दिवशी कळवावे. सुईनंतर असे झाले, हेही सांगावे.

आता कोणी म्हणेल, शिकलेल्या डॉक्टरकडूनच सुई घेतली की झाले. पदवी पाहावीच, पण पदवीच्या जोडीला शिस्त हवी. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या "सर्च" संस्थेने ३९ गावांत गावच्याच, थोडे शिकलेल्या बायकांना नवजात बाळांची काळजी शिकवली. जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला मोजून जेंटामायसिनचे इंजेक्शन देणेही त्यांना शिकवले. तिथे नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हे काम १९९९ मध्ये "लॅन्सेट" या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि जगभर गाजले. त्या बायकांना सुई केव्हा द्यायची, कुठे द्यायची, किती द्यायची हे नेमके शिकवले होते आणि त्यांच्यावर देखरेख होती. ज्या दवाखान्यात येईल त्याला एक लाल, एक पांढरी अशी सुई मिळते, तिथे हे तिन्ही प्रश्न कोणी विचारत नाही.

पाठीतून निघून कुल्ल्यातून मांडीमागे, पोटरीपर्यंत कळ जाते, त्याला लोक "शीर आखडली" किंवा "वात" म्हणतात. ती पुष्कळदा हीच सायटिक नस असते. पण दुखण्याचे मूळ तिथे नसते. कण्याच्या मणक्यांमधली गादी सरकून नसेच्या मुळाशी दाब आलेला असतो. कापसाचे गठ्ठे, सिमेंटची पोती उचलणाऱ्यांना हे दुखणे चांगले ठाऊक आहे. मूळ पाठीत आणि सुई कुल्ल्यात, असा उलटा कारभार चालतो. दुखरी नस जिथून जाते तिथेच आठवड्यात चार सुया घ्यायच्या, हे शहाणपणाचे नाही. तेच औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीतून मिळते. बहुतेकांचे दुखणे काही आठवड्यांत कमी होते. मात्र लघवी-संडासवरचा ताबा गेला, दोन्ही मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना झाले, तर एक दिवसही न थांबता मोठ्या रुग्णालयात जावे.

या लेखावरून सर्वच सुयांना घाबरू नका. काही सुया जीव वाचवतात. संधिवाताच्या तापाने हृदयाच्या झडपा बिघडलेल्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे घ्यावी लागते. ती चुकवू नये. दोन मुलांत अंतर ठेवण्यासाठी २०१७ पासून सरकारी दवाखान्यात "अंतरा" हे तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे इंजेक्शन मिळते. ते दंडात, मांडीत किंवा कुल्ल्यावर देतात आणि नंतर ती जागा चोळायची नसते. आमचा विरोध गरजेच्या सुईला नाही. बिनगरजेच्या आणि अंदाजाच्या सुईला आहे.

तेव्हा वाचकहो, सुई घ्यायची वेळ आली तर एवढे करा. हे औषध गोळीतून मिळेल का, हे आधी विचारा. सुई नवी, पाकीट आपल्यासमोर फोडलेले असावे. कुल्ल्यावर घ्यायची असेल तर उभ्याने घेऊ नका. पालथे झोपा, पायाची बोटे आत वळवा, म्हणजे मांस सैल पडते. किंवा कुशीवर झोपा. बाईमाणसाने पडदा मागावा, सिस्टर मागावी, आणि मग कपडा पुरेसा खाली घ्यावा. इथे लाजण्यात अब्रू नाही, धोका आहे. मुलाला घट्ट धरून ठेवा, सुई आत असताना त्याने पाय झाडता कामा नये. औषध जात असताना पायात विजेसारखी चमक उतरली तर लगेच "थांबा" म्हणा. सुई बाहेर काढायला सांगा. तोंड दाबून सोसू नका.

आणि तरीही पाऊल लुळे पडले तर? डाग देऊ नका, बिब्बा लावू नका, जोरजोरात मालिश करू नका. त्याच दिवशी बुलढाण्याचे जिल्हा रुग्णालय, खामगावचे सामान्य रुग्णालय किंवा अकोल्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा. नुसता धक्का बसलेली नस काही आठवड्यांत सुधारते. आतले तंतू मेले असतील तर ते नव्याने वाढावे लागतात आणि त्यांची चाल दिवसाला सुमारे १ मिलिमीटर. आमचा हिशेबाचा धंदा, म्हणून हिशेब मांडतो. मोठ्या माणसात कुल्ल्यापासून नडगीच्या स्नायूपर्यंत ५० सेंटिमीटर अंतर धरले तर ५०० दिवस होतात, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. तोवर निरोपाविना पडलेला स्नायू सुकत जातो, पाऊल खालीच आखडते. म्हणून पहिल्या आठवड्यापासून पावलाला आधाराची पट्टी आणि रोजचा व्यायाम लागतो. नस कितपत जिवंत आहे हे पाहायची विजेवरची तपासणी तीन-चार आठवड्यांनी करतात. काही महिन्यांत सुधारणा दिसली नाही तर शस्त्रक्रियेचा विचार होतो. "होईल हळूहळू" म्हणत वर्ष घालवले तर डॉक्टरांच्या हातीही फारसे राहत नाही.

शेवटी कागदाची गोष्ट. दवाखान्याची चिठ्ठी, पावती, औषधाचे नाव, तारीख, सगळे जपून ठेवा. चिठ्ठी दिली नाही तर मागून घ्या. पैसे घेऊन केलेला उपचार ग्राहक कायद्याखाली येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले आहे. अपंगत्व ४० टक्के किंवा जास्त असेल तर २०१६ च्या कायद्याने सवलती आणि आरक्षण मिळते. पण कागद नसेल तर कोणत्याही टेबलावर आपले म्हणणे पुढे सरकत नाही. हे आम्ही टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिले आहे.

ज्यांना वाचता येत नाही त्यांना हे वाचून दाखवा. विशेषतः घरातील आजीला दाखवा, कारण नातवाला ताप आला की "सुई देऊन आण" हे आधी तीच म्हणते. तिला आपल्या हाताने कडा, गाठ आणि बसायचे हाड चाचपून पाहू द्या. एकदा समजले की पुढच्या वेळी दवाखान्यात तीच सर्वांत आधी विचारील, "बाबू, सुई कुठी देतं?"